नऊ जास्तीच्या पट्ट्या

प्रश्न : जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या पियानोला ८८ ऐवजी ९७ पट्ट्या होत्या म्हणे. जॅझला एवढ्या लागतात का? मुलगी जॅझ शिकते आहे, तिच्यासाठी जुना अपराइट (उभा पियानो) पाहतो आहोत. काय तपासावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : लागत नाहीत. पीटरसनचा आवडता पियानो व्हिएन्नाच्या बोझेनडॉर्फर कंपनीचा ‘इम्पीरियल’, लांबी २९० सेंटिमीटर. नेहमीच्या पियानोचा खर्ज २७.५ हर्ट्झच्या ए स्वरावर थांबतो. हा आणखी खाली, सुमारे १६ हर्ट्झच्या सी पर्यंत जातो. त्या नऊ पट्ट्या पूर्ण काळ्या असतात, नाहीतर खाली पाहताना वादकाचा अंदाज चुकतो. त्या क्वचितच वाजवल्या जातात. खरं काम त्यांच्या तारांचं. पेडल दाबलं की सतारीच्या तरफांसारख्या त्या आपोआप झंकारतात. शिवाय ध्वनिफलक (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) मोठा होतो आणि नेहमीचा खर्ज फलकाच्या कडेला न पडता आत, मोकळ्या जागी येतो. त्यामुळे तो घुमतो, पण गढूळ होत नाही. पीटरसनचा डावा पंजा सा आणि वरच्या सप्तकातला ग एकदम धरायचा. १९७० च्या दशकात तो बास आणि ड्रम्सच्या साथीशिवाय एकट्यानेही मैफली करू लागला, तेव्हा सगळा भार या खर्जावर आला. (१९९३ मध्ये पक्षाघाताने नेमका तोच हात दुबळा झाला.)

आता तुमचा अपराइट. पहिलं, ट्यूनिंगच्या पिना. त्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते सुकून चिरलं असेल तर सूर आठवडाभरही टिकत नाही. म्हणून ट्यूनरला सोबत न्याच. दुसरं, मधला ए ४४० हर्ट्झला आहे का? पियानो अर्धा स्वर उतरलेला असेल तर सॅक्सोफोनवाल्याशी जुळणार नाही, आणि एका बैठकीत वर खेचला तर जुन्या तारा तुटतात. तिसरं, एकच पट्टी दोन बोटांनी आलटून पालटून भरभर वाजवा. अपराइटमध्ये पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा उचलत नाही; ग्रँडमध्ये (आडव्या पियानोत) त्यासाठी वेगळा खटका असतो. थोडे स्वर गळणं चालेल, पट्टी अडकणं नाही. हातोडीच्या नमद्यावरचे (फेल्टवरचे) उथळ चरे घासून निघतात. लाकूड दिसत असेल तर हातोड्या बदलाव्या लागतील, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

पियानो बाहेरच्या भिंतीला लावू नका, पावसाळ्यात पट्ट्या फुगून चिकटतात. प्लॅस्टिकने तर मुळीच झाकू नका. ट्यूनिंग दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर करा.