ताई, वडील गेल्यावर आधी वारस नोंद, मग बाकीचं

ताई, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. आधी महापालिकेतून मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी मागतात.

निफाडच्या जमिनीसाठी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, 3 महिन्यांच्या आत कळवायचं असतं. अर्जात सगळे वारस लिहा. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही, भाऊ आणि हयात असेल तर आजी (वडिलांची आई), सगळ्यांचा सारखा हिस्सा. आजीला लोक हमखास विसरतात! फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस आली की हरकतीला 15 दिवस असतात, त्यात एक-एक नाव वाचून बघा, तुमचं नसेल तर लगेच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं नाही, पण नाव नसलं की पुढे फार त्रास होतो.

बँकेत भाऊ नॉमिनी आहे म्हणून पैसे त्याचे होत नाहीत, तो फक्त वारसांच्या वतीने घेतो, सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलंय.

मृत्युपत्र सापडलं आणि मालमत्ता नाशिकचीच असेल तर प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) सक्तीचं नाही, वाद असेल तर मात्र वकील गाठा.

आणि हो, घरातले "इथे सही कर, फॉर्मॅलिटी आहे" म्हणाले तर कागद घरी आणून वाचा. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की परत फिरवणं फार अवघड. लग्न झालं म्हणून तुमचा हिस्सा कमी होत नाही ताई, हे ठामपणे सांगा.