आजच्या शाळेत शिक्षकापुढची खरी अडचण कोणती?

तुम्ही डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहात आणि विचारलंय की नोकरीला लागल्यावर जास्त त्रास कशाचा होतो, मुलं ऐकत नाहीत याचा की मोबाईलच्या नादाचा. मी अकरा वर्षं मराठवाड्यातल्या ऊसतोड पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. मुलं ऐकतात हो. फार जीव लावतात. मूल समोर बसलेलं असताना त्याला सलग अर्धा तास देता येत नाही, ही माझी अडचण.

आमचा पट ४३, वर्ग पहिली ते चौथी. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिलेत. म्हणजे कायदा मुलं मोजतो, इयत्ता मोजत नाही. माझ्या खोलीत पहिली आणि दुसरी, शेजारी मॅडमकडे तिसरी-चौथी. दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला किंवा मीटिंगला गेला, की चारही वर्ग एकाच्या गळ्यात.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. दुसरीतली एक मुलगी, घरी आजीसोबत राहणारी. तिला जोडाक्षरं अडत होती. त्या दिवशी ती 'पुस्तक' वाचत होती. 'पु' म्हणाली, 'स' म्हणाली, बोट 'स्त'वर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज: आधार पडताळणीची माहिती बारा वाजेपर्यंत, तातडीने. मी फोन घेतला, रजिस्टर काढलं. वीस मिनिटांनी मान वर केली तर तिचं बोट अजून 'स्त'वरच होतं. ते बोट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या पडताळणीच्या यादीतही तिचं नाव होतं. जनरल रजिस्टरात एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार वैध असलेली मुलंच धरायची असं ठरल्यापासून एकेक नाव जपावं लागतं, कारण पट घसरला तर शिक्षकाचं पद जातं. दुरुस्तीसाठी पालक लागतात आणि तिचे आईबाप दिवाळीपासून कर्नाटकात कारखान्यावर. ओटीपी बापाच्या मोबाईलवर जाणार, आणि बाप उसाच्या फडात. तीन वेळा फोन केला, चौथ्या वेळी लागला.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ एकदा मुळातून वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. पण पोर्टलवर माहिती भरणं अशैक्षणिक धरलंच जात नाही. पोषण आहाराचं घ्या. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, आज किती जेवले, डाळ किती उरली, हे रोज ॲपवर आणि तेच पुन्हा नोंदवहीत. आहार हवाच, आमच्याकडे काही लेकरांचं दिवसातलं ते पहिलं धड जेवण असतं. तेच आकडे दोनदा लिहिण्याला मात्र माझा विरोध आहे, आणि तो मी बैठकीतही मांडतो.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. शिक्षणसेवक म्हणून तुम्हाला पहिली तीन वर्षं प्राथमिकला १६,००० रुपये मानधन मिळेल, घरापासून लांब नेमणूक झाली तर ते पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हावं लागणार आहे. आमच्या मॅडम रात्री स्वयंपाक आवरून अभ्यासाला बसतात. माझा मित्र सिनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर शिकवतो. त्याला सुट्टीतले पैसे नाहीत आणि पुढच्या वर्षी बोलावतील का याची खात्री नाही. विद्यापीठातलं दुखणं तोच नीट सांगू शकेल.

त्या मुलीचं पुढे असं झालं, की डिसेंबरात आजी आजारी पडली आणि बाप येऊन तिला फडावर घेऊन गेला. मी शिक्षण हमी कार्ड भरून दिलं होतं, जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून. पाडव्यानंतर ती परत आली तेव्हा कार्ड दप्तरात तसंच चार घड्या घातलेलं होतं, कोणत्याच शाळेची नोंद नाही. पुस्तक उघडलं तर म्हणाली, "सर, म्या इसरले." आम्ही पुन्हा काना-मात्रेपासून सुरुवात केली.

तेव्हापासून मॅडमनी आणि मी एक ठरवलंय. परिपाठ झाला की पहिला एक तास दोघांचेही फोन कपाटात, आणि तो तास फक्त वाचनाचा. दोनदा विचारणा झाली, आम्ही वाचनाची नोंदवही पुढे ठेवली. तुमची नेमणूक झाली की पहिल्याच आठवड्यात सहकाऱ्याशी बोलून असा एक तास ठरवून घ्या, नंतर तो मिळवणं फार अवघड जातं.