रूमवर स्वयंपाक सुरू करतोयस ना?

पुण्यात अभ्यासाला आलास आणि मेस परवडत नाही, तर आधी किराणा भर, भाजी नंतर. ज्वारीचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, बेसन, शेंगदाणे, गूळ. आणि मटकी, तिच्यावर खरा भर दे. पाव किलो रात्री भिजव, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांध. दुसऱ्या दिवशी मोड येतात, दुपटीहून जास्त भरते. निम्म्याची उसळ कर, उरलेली वाफवून कांदा घालून खा. वरून लिंबू पिळायचंच, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. पालेभाजी मंडई उठायच्या वेळी घे, जुडी स्वस्तात मिळते. मात्र त्याच रात्री निवडून ठेव. भाजी नसेल त्या दिवशी पिठलं-भाकरी. चहा-बिस्किटांवर जेवण टाळू नकोस रे, मी महिनाभर तेच केलं आणि ऐन परीक्षेत आजारी पडलो.