कुर्ल्यात घर घेतोय. तिथे पाणी तुंबेल का, हे नकाशावरून कळेल का?
परिसर सखल आहे का ते कळेल. तुमच्याच इमारतीच्या दारात पाणी येईल का, ते नाही. मी जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशांचे थर जुळवून पाहण्याचं काम करतो. उंचीच्या नकाशावर मिठी नदी, नाले आणि जुनी खाजणं चढवली की पाणी कुठे उतरणार ते दिसतं. पण फुकट मिळणारे उपग्रहाचे उंची-नकाशे साधारण ३० मीटरच्या चौकटींचे असतात, म्हणजे एका चौकटीला एकच उंची; त्यात इमारतींची छपरंही जमिनीत मिसळतात. इथे तर वीतभर फरकाने गल्ली बुडते. शिवाय भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की नाल्यांचं पाणी समुद्रात जातच नाही. म्हणूनच २०२० साली मुंबईसाठी सुरू झालेली ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा पाऊस आणि भरती दोन्ही हिशेबात धरते. तळमजला असेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याला २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर होतं ते विचाराच.