नेट नेमकं कधी तुटतं?

प्रश्न : ऑफिसच्या उबुंटू मशिनचं नेट दिवसातून दोन-तीनदा काही सेकंद जातं. पिंग (दुसऱ्या मशिनकडून उत्तर येतं का हे तपासणारी आज्ञा) चालू ठेवून पाहिलं, पण कारण कळत नाही. टर्मिनलवरून नोंद कशी ठेवावी?

उत्तर : पिंगला फक्त उत्तर आलं नाही एवढंच समजतं. काय बदललं हे कर्नललाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यालाच, विचारा. टर्मिनलवर इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘आयपी -टीएस मॉनिटर लिंक ॲड्रेस राउट’ ही आज्ञा द्या. रूट (ॲडमिन) अधिकार लागत नाहीत. ‘-टीएस’मुळे प्रत्येक नोंदीसोबत तिची वेळ छापली जाते; हा पर्याय ‘मॉनिटर’च्या आधीच हवा. शेवटचे तीन शब्द गाळले तर शेजारी मशिनच्या नोंदींचा इतका पूर येतो की कामाची ओळ हरवते. शेवटी दोन ‘पेक्षा मोठे’ची चिन्हं (>>) आणि फाइलचं नाव दिलंत की नोंद साठत जाते. ही आज्ञा फक्त बदल दाखवते, म्हणून आधी ‘आयपी ॲड्रेस’ चालवून मूळ स्थिती जपून ठेवा.

आता नेट गेलं त्या वेळेच्या ओळी बघा. ‘नो-कॅरिअर’ (तारेवर सिग्नल नाही) दिसलं तर केबल, तिचा कनेक्टर किंवा स्विचचा पोर्ट तपासा. लिंक शाबूत असून पत्त्याच्या ओळीआधी ‘डिलीटेड’ आलं, तर बहुधा डीएचसीपीची (मशिनला आपोआप आयपी पत्ता देणारी सोय) मुदत वाढली नाही. काहीच ओळ आली नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे असण्याची शक्यता जास्त.

वायफाय असेल तर सोबत ‘एनएमसीएलआय मॉनिटर’ही (नेटवर्क मॅनेजरमधले बदल दाखवणारी आज्ञा) चालवा. एसएसएचवरून (दुसऱ्या मशिनवरून दूरस्थपणे) करत असाल तर टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी आज्ञा चालू ठेवणारं साधन) चालवा, नाहीतर नेट जाऊन जोडणी तुटली तर नोंदही थांबू शकते.