डोळे काढले तरी दिवा चालतो, गोम तिथेच आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान घरांसाठी स्टुलं आणि दिवे करता, स्टुलाला हत्तीचे पाय नि सोंड दिलीत, दिव्याला डोळे लावलेत, लोक हसतात, फोटो काढतात, पण घेत नाहीत. फोटो पाहिले. सांधे सुरेख बसलेत, पॉलिशही छान. किंमत हे कारण मला वाटत नाही. डोळे काढून टाकले तरी तुमचा दिवा जसाच्या तसा चालतो, गोम तिथेच आहे. ती गंमत वरून चिकटवलेली आहे, आणि ती दोन दिवसांत शिळी होते.

मिलानच्या कास्तिल्योनी या डिझायनर बंधूंचं, आकिल्ले आणि पिएर जाकोमो यांचं काम बघा. १९५७ चं त्यांचं ‘मेझाद्रो’ स्टूल म्हणजे ट्रॅक्टरची पत्र्याची सीट, खाली वाकवलेली एकच पोलादी पट्टी आणि जमिनीवर आडवा लाकडी दांडा. पाहिल्यावर हसू येतंच. पण सीटला माणसाच्या बैठकीचा आकार आधीच आहे, पट्टी स्प्रिंगसारखी दबते आणि दांडा स्टूल कलंडू देत नाही. यातलं काहीही काढा, बसता येणार नाही.

१९६२ चा त्यांचा ‘आर्को’ दिवा तर सगळ्यांनीच हॉटेलांच्या लॉबीत नकलेच्या रूपात पाहिलाय. जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा, पण छताला भोक पाडायचं नाही, ही मूळ अडचण. म्हणून कमान, आणि ती तोलायला सुमारे ६५ किलोंचा संगमरवरी ठोकळा. त्या ठोकळ्यात आरपार भोक आहे. त्यात झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं! मला विचाराल तर अख्ख्या दिव्यातली सगळ्यात खट्याळ जागा तीच.

तुमच्या कामाला सर्वांत जवळचा मात्र ‘पारेंतेसी’ दिवा. मूळ कल्पना पिओ मांझू या इटालियन डिझायनरची. तो अकाली गेल्यावर आकिल्लेंनी ती पुढे नेली आणि १९७१ मध्ये दिवा आला. छतापासून खाली पोलादी तार, तिच्या खालच्या टोकाला ती ताणून धरणारं वजन. तारेवर कंसासारखी वाकवलेली नळी ओवलेली आणि नळीला बल्बचा होल्डर. मांझूच्या आराखड्यात सरळ दांडा होता आणि दिवा जागेवर धरायला स्क्रू. आकिल्लेंनी दांड्याच्या जागी तार घेतली. ताणलेली तार सरळच राहू पाहते, नळी वाकडी. त्यामुळे तार नळीला आतून घासत राहते आणि त्या घर्षणावरच दिवा थांबतो. हाताने वर सरकवा, खाली ओढा, गोल फिरवा, सोडाल तिथे राहतो. लहान मूल तासभर खेळेल, आणि पुस्तक वाचणाऱ्याला उजेड हवा तिथे मिळेल.

आता तुमचा हत्ती. पाय साधे करा, सोंड ठेवा, पण तिला मूठ करा: स्टूल एका हाताने उचलून स्वयंपाकघरातून गॅलरीत नेता आलं पाहिजे. म्हणजे सोंड सीटच्या मध्यभागाजवळ आणावी लागेल, नाहीतर उचलताना स्टूल तिरकं होऊन पोटरीला लागेल. आधी जाड पुठ्ठ्याची सोंड करून उचलून बघा, लाकूड मागाहून कापा. पाय तीनच ठेवलेत तर जुन्या शहाबादी फरशीवरही डुगडुगणार नाही. पण तीन पायांचं स्टूल कडेला बसल्यावर चटकन कलंडतं, तेव्हा पाय सीटच्या बाहेर थोडे फाकवा. उंची बसण्यापुरती साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास. दिव्याच्या डोळ्यांचं मला काही सुचत नाही, सरळ काढून टाका. पापणीसारखी फिरून उजेड कमी-जास्त करणार असतील तरच राहू द्या.

तारेवरचा दिवा करून पाहणार असाल तर हुक पीओपीच्या फॉल्स सीलिंगला कधीही लावू नका. अँकर वरच्या स्लॅबमध्येच गेला पाहिजे, कारण दिव्याबरोबर तारेचा ताणही तोच पेलतो. ताणाच्या तारेतून वीज न्यायची नाही, तिची वायर वेगळी आणि दिवा वर-खाली होईल इतकी सैल. नळीची तोंडं कानशीने गोल करून घ्या, नाहीतर धारेवर घासून तारेचे पदर एकेक करून तुटतील. धातूच्या बॉडीला अर्थिंग हवंच. एलईडी घेतलात तरी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, बंद डबीत कोंबू नका, उष्णतेने तोच आधी जातो.

नळी किती वाकवायची हे तारेच्या जाडीवर आणि होल्डरच्या वजनावर ठरेल. तुकडे वाकवून बघावेच लागतील. तुमची तार किती मिलिमीटरची आहे ते लिहा, मग पुढचं बोलू.