अकेडिया नॅशनल पार्कमध्ये नेव्हीचं रेडिओ स्टेशन कसं काय होतं?

उलटं आहे खरं तर, स्टेशन आधीचं, पार्कचा पसारा नंतर वाढला. हा पार्क अमेरिकेत मेन राज्यात आहे. तिथल्या माउंट डेझर्ट बेटावर अलेस्सांद्रो फाब्री नावाचा श्रीमंत हौशी रेडिओवाला होता, त्याने पहिल्या महायुद्धात ऑटर क्लिफ्सवर स्टेशन उभारलं आणि १९१७ मध्ये नेव्हीला देऊन टाकलं, बदल्यात त्यालाच तिथला अधिकारी केलं (पैसा असला की हौस अशी पण भागते!). जागा भन्नाट होती, समोर नुसता अटलांटिक, आजूबाजूला शहराची खरखर नाही, त्यामुळे युरोपातले अगदी क्षीण सिग्नलसुद्धा नीट ऐकू यायचे.

मग आले जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर, तेलसम्राट रॉकफेलरचे अतिश्रीमंत चिरंजीव. त्यांना पार्कमधून रस्ता काढायचा होता आणि हे स्टेशन मधेच. पण नेव्ही काय अशी उठणार, तितकंच चांगलं रिसेप्शन मिळणारी जागा द्या म्हणाली. शेवटी खाडीपलीकडे स्कूडिक पॉइंटला १९३५ मध्ये नवीन स्टेशन सुरू झालं, विंटर हार्बर म्हणतात ते हेच.

पुढे शीतयुद्धात काम वाढलं, जवळच्या कोरिया गावात (देश नाही हो, गावाचंच नाव) अँटेनांचं भलंमोठं गोल रिंगण उभं केलं, सिग्नल कुठल्या दिशेने येतोय ते शोधायला. असल्या रिंगणाला तिकडे हत्तीचा पिंजरा म्हणायचे, दिसायचंही तसंच.

२००२ मध्ये बंद झालं. स्कूडिकची जागा पार्ककडे गेली, आता तिथे संशोधन केंद्र आहे.